गाठ झाली, आता सरक

यमुनाअक्का कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांशी बोलायची नाही, भांड्यांशी बोलायची. उंबरा ओलांडला की नजर थेट फळीवर. एखादं भांडं दिसायला देखणं आणि वर धूळ बसलेली असली की ते खाली काढायची, बोटानं टिचकी मारायची, उलटं करून बूड बघायची आणि विचारायची, "हे काहून ठुलंय?"

"असू द्या की अक्का, शोभेला."

"शोभेला तू हायस की घरात. ह्याला कामाला लाव."

अशी बाई. आमच्या डोंगरकडा गावात तिच्या जिभेला न भ्यालेलं घर नव्हतं. विळीला धार नसली तर घरच्या सुनेला सगळ्यांसमोर सुनावणार. पाट डुगडुगत असला तर त्याच्यावर बसणार नाही, खाली जमिनीवर बसेल, आणि तेही असं की घरधन्याला लाज वाटली पाहिजे. "डुगडुगता पाट अन खोटा पाव्हना, दोन्ही सारखेच," म्हणायची. आमच्या घरात लग्नात आलेली पितळी समई होती, नक्षीची, कमरेएवढी. तिच्यात तेल ठरायचं नाही, खालून झिरपायचं. अक्कानं ती एकदा पाहिली आणि म्हणाली, "सुभद्रे, ही समई न्हाई, ही नटवी हाय." तेव्हापासून मला त्या समईकडं बघवेना. शेवटी मी ती मोडीत घातली आणि त्याची कळशी आणली. पाणी भरताना अजून वाटतं, बरं केलं.

तिचं घर आमच्या घराला लागून. मधे एक मातीची भिंत, तिला पाऊण उंचीवर कोनाडा, तो पलीकडून फुटला होता म्हणून आमचं सगळं बोलणं त्यातून चालायचं. तिचे यजमान आबाराव, चांगले जमीनवाले, अंगात पांढरी शेरवानी, बोलणं साखर. आबाराव आवाज चढवत नसत. बायकोवर हात उचलणारे पायलीला पन्नास होते तेव्हा, पण आबारावांनी बोट लावलं नाही. त्यांची रीत निराळी. त्यांना एखादी गोष्ट नको असली की ते गोड बोलून ती जागेवरून हलवत. माणसालाच काय, वस्तूलाही त्यांनी कधी फोडलं नाही. नुसतं हलवलं.

त्यांच्या घरात चांदीची गुलाबदाणी होती. आबारावांच्या आजोबांना कुण्या नवाबाच्या घरच्या लग्नात मिळालेली. पाहुणे आले की आबाराव ती सदरेवर मांडून ठेवत, भरत मात्र कधी नसत, गुलाबपाणी आणणार कुठून? एकदा कळमनुरीहून मोठी माणसं आलेली. आबाराव सदरेवरच्या कोनाड्यात बघतात तर गुलाबदाणी नाही. शोधाशोध. तेवढ्यात एका पाहुण्याची नजर परसात गेली. यमुनाअक्का पदर खोचून उकिडवी बसली होती आणि चांदीच्या गुलाबदाणीनं मेथीच्या वाफ्यावर पाणी शिंपत होती.

"हे काय करून राहिलीस?" आबारावांनी हळूच विचारलं.

"ह्याच्यानं पानी बारीक पडतंय. तांब्यानं टाकलं की रोपं झोपतेत. इतकी सालं रिकामी बसली होती भवानी, आज कामाला आली."

पाहुणे हसले. आबारावही हसले. दुसऱ्या दिवशी गुलाबदाणी पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं, आणि किल्ली आबारावांच्या जानव्याला. त्यावर नवराबायकोत एक शब्द झाला नाही. अक्का मला कोनाड्यातून म्हणाली, "मेथी बाकी झकास आली गं."

आता तिच्या पाळण्याचं सांगते. कारण पाळणा सोडून अक्का सांगायची म्हणजे गाभारा सोडून देऊळ सांगायचं.

पाळणा तिच्या माहेरचा, साखरा गावचा. तिच्या आजीसाठी कुण्या सुतारानं केलेला, सागाचा. खांब्या कातलेल्या, त्यांच्यावर लाल-पिवळी लाख, इतक्या बाळांच्या लाळेनं आणि तेलानं गुळगुळीत झालेली की बोट फिरवलं तर लोण्यावरून गेल्यासारखं वाटावं. मुळात त्याला पितळेचे राघू होते चार कोपऱ्यांना आणि घुंगरं. अक्कानं ते सगळे काढून डब्यात घातले. "लेकराला झोपवायचंय का नाचवायचंय?" म्हणायची. कठडा तिनं एका बाजूनं चार बोटं उतरवून घेतला होता, ओली बाळंतीण बसल्या जागेवरून हात घालून लेकरू उचलू शकेल एवढा. त्यामुळं पाळणा एका अंगानं तोकडा दिसायचा. आबारावांना ते खटकायचं. "चांगल्या मालाची खराबी केली," म्हणायचे. पण त्या पाळण्यात निजलेलं पोर रडत उठायचं नाही, आणि तो हलताना आवाज करायचा नाही. अंबाडीची दोरी, ती तुळईला अक्का स्वतः बांधायची. गाठ तिचीच. अडीच मणाचा गडी लोंबकळला तरी सुटणार नाही आणि शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी.

गावात कुणाकडं बाळ झालं की बाराव्या दिवशी पाळणा पाहिजे. गावात दुसरे पाळणे नव्हते असं नाही, पण सवय एकदा लागली की लागली. शिवाय अक्काच्या पाळण्यातली पोरं जगतात, असं कधीतरी कुणीतरी म्हटलं आणि ते गावानं धरून ठेवलं. पाळणा मागायला कुणी आलं की अक्का होय म्हणायची आणि बाराव्या दिवशी सकाळी गड्याच्या डोक्यावर पाळणा देऊन त्याच्या मागं स्वतः निघायची. हातात दोरीचं भेंडोळं. तिला बोलावणं लागत नसे. पाळणा बोलावला की ती आलीच.

आणि हीच मेख होती. यमुनाअक्काला मूल नव्हतं.

दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले, असं बायका म्हणत. ती त्यावर कधी बोलली नाही. आमच्याकडं तेव्हा मूल नसलेल्या बाईला बारशाला बोलावत नसत. हळदीकुंकवाला एकवेळ चालेल, पण बाळंतिणीच्या खोलीत नाही. वांझेची नजर, वांझेची सावली, काय काय असायचं ते! तोंडानं म्हणायच्या "या हो अक्का" आणि मागून लेकराला तीट लावायच्या. हे अक्काला काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण पाळणा तिचा, गाठ तिची. तिला घरात घेतल्यावाचून पाळणा टांगला जाणार नव्हता. अख्ख्या डोंगरकड्यात ती एकटी वांझ बाई होती जी प्रत्येक बारशाला खोलीच्या आत जात होती. वस्तूचा उपयोग म्हणतात तो असाही असतो. गावाला वाटायचं, पाळणा लेकरांना निजवायच्या कामाचा. तो अक्काला दाराच्या आत न्यायच्या कामाचा होता.

माझ्या थोरल्याच्या बारशाला मी बाजेवरून सगळं पाहिलं. अक्का आली. स्टुलावर चढली. तुळईला दोरी टाकली, गाठ मारली, दोन्ही हातांनी लटकून बघितली. मग खाली उतरून पाळण्यात आमचा वरवंटा ठेवला आणि एक झोका दिला, कारण रिकामा पाळणा हलवायचा नसतो, ज्याचं बाळ त्याला वाईट. वरवंटा असा मजेत डुलला की बायका हसल्या. अक्का पण हसली. पाळणा पुन्हा तिच्याकडं आला तेव्हा तिनं तो हातानं थांबवला आणि हात तिथंच राहिला कठड्यावर. जरा जास्त वेळ.

माझी सासू म्हणाली, "यमुने, गाठ झाली, आता सरक."

अक्का लगेच सरकली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पाळणे म्हणून होईस्तोवर, नाव ठेवून होईस्तोवर. माझ्या सासूला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोलीतल्या एकाही बाईला वाटलं नाही. "गाठ झाली, आता सरक," हे वाक्य मी नंतर किती घरांत, किती तोंडांतून ऐकलं. जसं काही बारशाच्या विधीतलाच एक मंतर!

मी एकदा कोनाड्यातून म्हटलं, "अक्का, तुम्हाला राग नाही का येत?"

"राग येऊन काय करू? गाठ सैल मारू?" ती म्हणाली. मग तिनं जात्याला हात घातला. आणि मग, "सुभद्रे, चौकटीतून बी दिसतं गं लेकरू."

गावाबाहेर लमाणांचा तांडा होता. तिथली सोनी जळतण विकायला यायची, तिची आणि अक्काची मोठी गट्टी, कारण सोनी तिला उलटं बोलायची. सोनीला मुलगा झाला तसा अक्कानं कुणाला न विचारता बैलगाडीत पाळणा घातला आणि निघाली तांड्यावर. गावात कुजबुज. पाळणा तांड्यावरून परत आला तर कोण घेणार, इथपर्यंत बोलणी गेली. मी सोबत होते. सोनीचं घर म्हणजे कुडाचं खोपट, आत बाळाला कापडाची झोळी बांधलेली. अक्कानं वर बघितलं. तुळईचा पत्ताच नाही.

सोनी पोट धरून हसली. "बाई, तुझा पाळना माज्या खोपीला बांधला तर लेकरू ऱ्हाईल जाग्यावर अन खोपच झोका खाईल की!"

अक्का ओशाळली. तिला पहिल्यांदाच कुणीतरी वस्तूवरून हरवलं होतं. "बरोबर हाय तुजं," म्हणाली, "हितं झोळीच कामाची." सोनीनं मग चुलीवरचं उतू जात होतं ते बघायला जाताना झोळीतलं पोर काढलं आणि सरळ अक्काच्या मांडीवर टाकलं. त्यांच्यात काय रीत होती देव जाणे. अक्काला मूल नाही हे माहीत असून तिनं टाकलं, एवढं मला माहीत आहे. अक्का ताठ बसून राहिली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. पोरानं तिच्या लुगड्यावर कार्यक्रम केला तरी हलली नाही.

परत येताना गाडीत मागं रिकामा पाळणा, पुढं आम्ही दोघी. वेस आली तशी ती म्हणाली, "लेकरू जड असतंय गं. बघून वाटत न्हाई."

आबारावांनी दुसरं लग्न केलं ते मी दुसऱ्यांदा बाळंत झाले त्या साली. कमळा, हट्टा गावची, अक्काच्या निम्म्या वयाची. तेव्हा यात कुणाला काही आश्चर्य नव्हतं, आणि आबारावांनी वाट बघितली म्हणून लोक त्यांचंच कौतुक करत होते. अक्कानं सवतीला ओवाळून घरात घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिला विळीवरून बोलली, दुसऱ्या आठवड्यात विळीला धार लावून दिली. कमळा साधी पोर होती, आईवेगळी. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

कमळेला दिवस गेले. तिला आई नव्हती म्हणून बाळंतपण इथंच ठरलं. आणि यमुनाअक्का, जिच्या तोंडून मी सरळ शब्द क्वचित ऐकला, ती गुणगुणायला लागली. पाळणा खाली काढला. उन्हात ठेवला. नवी नवार भरली आणि मधल्या खोलीत तुळईला टांगून ठेवला. तेलाचं बोट घेऊन एकेक खांबी पुसत बसायची. सवत गरोदर आणि ही खुळी पाळणा पुसतेय, असं बायका म्हणायच्या. मला ते कळेना, म्हणून मी विचारलं.

कोनाड्यापाशी येऊन ती अगदी हळू बोलली. "आता बारसं माझ्या घरात हाय. तुळई माझी, पाळना माझा. हितं मला कोन म्हनंल, सरक?"

एवढंच तिला पाहिजे होतं. मूल नको होतं तिला, आता ते वय गेलं होतं. एका बारशाला, गाठ मारल्यावर, पाळण्यापाशी उभं राहायचं होतं.

तिला सरक म्हणायची आबारावांची छाती नव्हती, आणि जवळ उभी राहू द्यायचीही. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर, आबारावांच्या बैठकीतले. त्यांच्याजवळ आबाराव बोलले ते यांनी मला घरी येऊन सांगितलं. "मास्तर, इतक्या सालांनी घरात लेकरू येऊन राहिलंय. तिच्या गाठीचं नको त्याला. मला बी कळतं, ती काय वाईट बाई न्हाई. पन जीव घाबरतो. तोंडावर कसं सांगू? तिला तकलीफ होईल." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तकलीफ होईल म्हणे!

आणि तेवढ्यात तो साहेब आला.

हैद्राबादेकडचा कुणी हौशी साहेब, जुन्या कारागिरीच्या चीजा गोळा करत तालुक्यात हिंडत होता. शहरात एक अजायबघर होतं, तिथं त्या मांडायच्या होत्या. अडकित्ते, पानदानं, तलवारीच्या मुठी असलं काय काय त्याच्या छकड्यात होतं. आबारावांनी त्याला जेवायला बोलावलं. पेटीतून गुलाबदाणी काढून दाखवली, ती त्यानं पाहिली न पाहिल्यासारखी केली. मग आबारावांनी त्याला मधल्या खोलीत नेऊन पाळणा दाखवला.

साहेब गुडघ्यावर बसला. "वाह! क्या काम है." त्यानं लाखेवरून हात फिरवला. एक बाजू उतरलेली बघून हळहळला. कोपऱ्यांना भोकं दिसली तशी विचारलं, इथं काही होतं काय? आबारावांनी अक्काला हाक मारली, "तो राघूंचा डबा आन गं." तिला काय माहीत कशाला? तिनं आणून दिला.

मग आबारावांनी तिला समजावलं, नेहमीच्या साखरेच्या आवाजात. पाळणा सरकारदरबारी जाणार. काचेच्या महालात राहणार. आपल्या घराचं नाव होणार. दूरदूरचे लोक बघायला येणार. "मान हाय हा, यमुने. गावात कुनाला मिळाला असा मान?"

मी कोनाड्याशी कान लावून उभी होते, खोटं कशाला सांगू.

"तिथं लेकरं किती हायत?" अक्कानं विचारलं.

"लेकरं नसतात तिथं. बघायला ठेवतात."

"काय बघायला? रिकामा पाळना?"

"कारागिरी बघतात."

"ज्याच्यात लेकरू न्हाई त्याची कारागिरी कशी दिसंल?"

आबाराव हसले. साहेबालाही त्याचा तर्जुमा करून सांगितला, तोही हसला, "बडी समझदार हैं," म्हणाला. समजूतदार बाईचा पाळणा तासाभरात छकड्यात चढला. गुळानं मरणाऱ्याला विष कशाला घालायचं? आबारावांनी अख्ख्या आयुष्यात कुणाला विष घातलं नाही.

गाठ सोडायला मात्र तिलाच बोलवावं लागलं. गड्याला ती सुटेना, तो कोयता घेऊन दोरी कापायला निघाला होता. अक्का स्टुलावर चढली, शेपूट ओढलं, दोरी एका झटक्यात खाली आली. ती तिनं गुंडाळून स्वतःच्या पेटीत ठेवली. दोरी साहेबाला नकोच होती.

संध्याकाळी कोनाड्यातून मी काही बोलायच्या आत तीच बोलली. "मला समजत न्हाई व्हय, सुभद्रे? पाळना न्हाई काढला घरातून. मला काढलं."

कमळेला मुलगा झाला. बारशाला नांदेडच्या बाजारातून नवा पाळणा आला, लोखंडी कड्यांचा, निळा रंग दिलेला. यमुनाअक्काला कुणी ये म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. ती परसातल्या चुलीवर घुगऱ्या शिजवत बसली होती, सगळ्या गावाला पुरतील एवढ्या. आत पाळण्याची कडी करकर वाजत होती. मी बाहेर गेले तर तिनं मान वर न करता मला सांगितलं, "आत जाऊन सांग, कडीला तेल घाला म्हनावं. लेकरू उठंल."

मी आत जाऊन सांगितलं. आबारावांच्या बहिणीनं तोंड वाकडं केलं. तेल काही कुणी घातलं नाही.

त्यानंतर गावात बारशी झाली, होतच राहिली. अक्काला कुठलंच बोलावणं आलं नाही. भांडण झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. तिचं कामच उरलं नव्हतं, बस. ज्या घरांतल्या दोन दोन पिढ्या तिच्या गाठीखाली निजल्या त्या घरांतल्या बायका आता रस्त्यात तिला बघून पदराखाली लेकरं झाकू लागल्या. गरज सरो, वैद्य मरो. तीही बदलली. कुणाच्या घरी गेली तर फळीकडं बघायची नाही. माझ्याकडं एक पाट डुगडुगत होता, मी मुद्दाम तोच टाकला तिला बसायला, की बोलेल काहीतरी. ती त्याच्यावर गुमान बसली. तेव्हा मला रडू आलं.

मग ते वाईट साल आलं. रझाकारांच्या धास्तीनं आम्ही रानात काय निजलो, दागिने उकिरड्यात काय पुरले. ते सगळं संपलं आणि हिवाळ्यात, अठ्ठेचाळीस सरता सरता, माझ्या यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन हैद्राबादेत करायचं ठरलं. मला सोबत पाहिजे होती. मी अक्काला विचारलं. आबाराव लगेच हो म्हणाले, त्यांच्या घरात तिच्यावाचून अडत नव्हतंच. नांदेडला रेल्वेत बसलो. तिनं रस्ताभर एकच प्रश्न विचारला, तोही निझामाबाद गेल्यावर. "ते काचेचं घर दवाखान्यापासून किती लांब हाय?"

यांच्या डोळ्यावर पट्टी बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मोठी इमारत, आत गार. माणसं थोडी. सुऱ्या, सुरया, गालिचे, पेले, सगळे जागच्या जागी गप. अक्का त्यांच्याकडं बघतही नव्हती. एका दालनाच्या कोपऱ्यात लाकडी चौकटीला तो टांगला होता.

मी पहिल्यांदा ओळखलाच नाही. लोखंडी साखळ्या. कोपऱ्यांना चारी राघू, घासून लखलखीत, खाली घुंगरांच्या माळा. आत लाल मखमल. उतरलेला कठडा दिसू नये म्हणून ती बाजू भिंतीकडं केलेली. आणि टांगला होता माझ्या खांद्याएवढा उंच, खालची वेलबुट्टी दिसावी म्हणून. शेजारी पाटी, वरती उर्दू आणि खाली इंग्रजी. ती काही आम्हाला वाचता येईना. पहारेकरी म्हातारा होता, दाढीवाला, त्यानंच सांगितलं, "डोंगरकड़े के जागीरदार साब का तोहफा है." आबारावांना जहागीर मिळाली हे आम्हाला तिथं कळलं.

अक्कानं पाळण्याभोवती एक फेरी घातली. बूड बघितलं. "एवढा उंच बांधलाय," ती म्हणाली, "लेकरू काढायचं कसं?"

मला काय झालं कोण जाणे. माझे दोघे त्यात निजले होते. राघू आणि मखमल बाजूला सारून मला ती गुळगुळीत खांबी दिसली आणि माझा हात आपोआप पुढं गेला.

"हाथ नक्को लगाओ अम्मा," पहारेकरी म्हणाला. "सरको, पीछे सरको."

मी हात मागं घेतला.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग पहारेकऱ्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं. "हिला?" ती त्याला म्हणाली. "अरे, हिला दोन लेकरं हायत. लेकुरवाळी हाय ही."

"कोई बी हो. किसी को हाथ लगाना मना है."

आणि यमुनाअक्का हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, खांदे हलेस्तोवर. ते दालन घुमलं. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं आणि देव करो, पुन्हा कुणाला तसं हसताना पाहायची वेळ न येवो.

"ऐकलंस का सुभद्रे? कोनीच हात लावायचा न्हाई. हितं समद्याच वांझ."

मी तिचा दंड धरला. चला म्हटलं. ती येईना. "तू जा दवाखान्यात, मास्तरांचं जेवण हाय. मी बसते हितंच." पहारेकऱ्याला दया आली असावी, का एकटा कंटाळला होता, त्यानं काही हरकत घेतली नाही. ती चौकटीपासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन. बारशाला ती दाराशी असायची. इथं ती अगदी पुढ्यात होती.

दुपार टळल्यावर मी तिला न्यायला परत गेले. दालनाच्या दारातच थांबले, कारण आत कुणी होतं. शहरातली एक तरुण बाई, चांगल्या घरची, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. बाळ घुंगरांकडं झेपावत होतं. आई हसत पाळण्याजवळ गेली आणि त्याला घुंगरू वाजवून दाखवायला तिनं हात वर केला. पहारेकरी पलीकडच्या खिडकीशी होता, त्यानं अजून बघितलंही नव्हतं.

यमुनाअक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "सरक बाई. गाठ झाली, आता सरक."

त्या बाईला भाषा कळली की नुसता आवाज कळला, माहीत नाही. तिनं हात खाली घेतला, बाळाला पदराखाली धरलं आणि ती दारापर्यंत मागं मागं आली.